पंधरा किलोचा दांडा

"अण्णा, ह्यो दांडा हलका हाय."

"हलका कसा असंल? स्पर्धेचा दांडा हाय त्यो. पंधरा म्हंजे पंधरा."

"तुमी उचलून तर बघा."

"माझा खांदा धड असता तर तुला कशाला आणली असती? मीच उभा ऱ्हायलो असतो," अण्णा म्हणाले. "पोटात भ्या बसलं की असंच होतंय. कुणाला जड लागतं, कुणाला हलकं. गप पाणी पी."

मी गप पाणी प्यायले. पण अंगाला कळतं ते कळतंच. आमच्या बोरवाडीच्या तालमीत मी रोज पहाटे जो दांडा उचलायची, तो हातात धरला की आधी माझी मनगटं वाकायची आणि मग मी त्याला वाकवायची. हा साताऱ्याचा दांडा नुसताच चकचकीत. धरला काय आणि डोक्यावर गेला काय, मला पत्ता नाही. मी तो खाली ठेवला आणि कुणी हसत तर नाही ना, म्हणून आजूबाजूला बघितलं.

साताऱ्यात राज्याची स्पर्धा होती. त्रेपन्न किलोपर्यंत अंगाचं वजन असलेल्या मुलींच्या गटात खेड्यातली अशी मी एकटीच. बाकीच्या पोरींच्या पायात वजनं उचलायचे खास बूट, मागून टाच उंच असलेले. माझ्या पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट, आणि त्यांना खालून बानं बाभळीच्या लाकडाची टाच ठोकून दिलेली. चालले की टकटक वाजायचं. शहरातली एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "अगं, घोडा आला बघ." मी म्हटलं, "आलाय खरा. लाथ बी मारतो." मी तेव्हापासून अशीच आहे. वय सतरा आणि तोंड सत्तर वर्षांचं.

वरून तोंड चालू होतं, आतून मात्र पार पाणी झालं होतं. कारण त्या दिवशी नुसतं माझं पदक पणाला लागलं नव्हतं. बोरवाडीच्या तालमीचं दार पणाला लागलं होतं.

ते कसं, ते सांगते.

आमचं घर लोहाराचं. भट्टी वेशीजवळ. बा ऐरणीवर सांडशीनं लोखंड धरायचा आणि आई घण हाणायची. आमच्यात घण बाईच्याच हातात असतो. मी हाताशी आल्यापासून आईच्या समोर उभी राहायला लागले; एकीचा घण पडला की दुसरीचा. सगळं गाव नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, विळे घेऊन आमच्याकडे यायचं आणि आम्हा दोघींना घण हाणताना बघत उभं राहायचं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण दूध संघातून निवृत्त झालेले अण्णा मगदूम, जे एके काळी स्वतः वजनं उचलायचे, ते एकदा खुरप्याला धार काढून घ्यायला आले, मला घण हाणताना बघत बसले आणि म्हणाले, "ह्या पोरीला तालमीत पाठवा, मी तिला वजन उचलायला शिकवतो." झालं! गावाला एकदम नवल वाटायला लागलं.

बजरंगाच्या तालमीचे अध्यक्ष होते तात्या इंगवले. मिशीला पीळ, शब्दालाही पीळ. ते म्हणाले, "तालमीत बाईमाणूस? अण्णा, तुमाला चळ लागला का काय?"

अण्णा हटले नाहीत. शेवटी तात्यांनी सगळ्यांसमोर पारावर बसून निकाल दिला. "एक वरीस देतो. पोरांच्या आधी यायचं, पोरं आली की जायचं. राज्याचं पदक आणलंस तर पोरींना तालमीचं दार कायमचं उघडं. न्हाई आणलंस तर बजरंगाच्या तालमीत पुन्यांदा बाईचा पाय नको. आणि अजून एक. पोरांच्या दांड्याला हात लावायचा न्हाई. तुमचा दांडा तुमी करून आणा."

अण्णांनी बाला समजावलं. पोरांचा दांडा वीस किलोचा असतो, पोरींचा पंधराचा आणि हाताला जरा बारीक. मधे सळई, दोन्ही टोकांना प्लेटा अडकवायला जाड पाइप. बानं मापं ऐकून घेतली. आई बाजूला उभी राहून ऐकत होती. आठ दिवसांनी दांडा तयार झाला. बा तो खांद्यावर टाकून तालमीत घेऊन गेला आणि म्हणाला, "घ्या. पंधरा किलो."

पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'बायकांचा दांडा'. एकानंही कधी त्याला हात लावला नाही. वाटेत आला तर पायानं ढकलून बाजूला करायचे. बायकांची वस्तू उचलली तर मर्दानगी गळून पडेल अशी भीती असेल बिचाऱ्यांना.

तर त्या दांड्यावर मी वर्षभर राबले. आमच्या तालमीत एक पद्धत आहे. आतल्या भिंतीवर ज्याच्या त्याच्या नावापुढे त्यानं उचललेलं सगळ्यात जास्त वजन गेरूनं लिहायचं. जुना आकडा पुसायचा नाही, नवा त्याच्या वर लिहायचा. अण्णांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा चढत नाही. माझं नाव त्यांनी सगळ्यात खाली, कोपऱ्यात घेतलं. चाळीस झालं, पन्नास झालं, पंचावन्न झालं. गणपतीत साठ झालं आणि तिथंच गाडी रुतली.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, आकडा साठ. त्याच्या पुढचं वजन छातीपर्यंत यायचं, पण डोक्यावर जाताना कोपर दुमडायचं. तात्यांचा पुतण्या बाजीराव दारातून ओरडायचा, "मालन, साठी बुद्धी नाठी!" मी त्याला म्हणायची, "तुझी तर विसातच नाठली." पण घरी जाऊन रडायची. माझ्या मागोमाग शाळेतल्या तीन पोरी तालमीत यायला लागल्या होत्या. सगळ्यात धाकटी हौसा, सुताराची. ती रोज विचारायची, "मालनताई, तू पदक नाही आणलंस तर आमाला खरंच हाकलत्याल का गं?"

एकदा मी आईला म्हटलं, "आये, माझ्यात जोरच न्हाई. अण्णांना सांग, नाव काढून घ्या म्हणावं." आई भाकरी थापत होती. परातीतून मान वर न करता म्हणाली, "उद्या परत उचल."

तेवढंच. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिला काय कळतंय, असं वाटलं.

आणि आता आम्ही साताऱ्यात. पोरीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून आई सोबत आली होती. आयुष्यात पहिल्यांदा असली स्पर्धा बघत होती. वर लाकडी बाकावर, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन ताठ बसली होती.

आधी स्नॅच असतो. म्हणजे जमिनीवरून एका दमात वजन थेट डोक्यावर. प्रत्येक प्रकारात तीन वेळा उचलायला मिळतं, आणि दोन्हीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्यांची बेरीज करून नंबर लागतो. तालमीत माझा स्नॅच पंचेचाळीसचा. अण्णांनी सुरुवात चाळीसनं केली. नाव पुकारलं, मी टकटक करत वजन उचलायच्या लाकडी फळीवर गेले, हाताला खडू चोळला, धरलं, ओढलं आणि वजन वर. इतकं पटकन गेलं की मी दोन पावलं मागं गेले. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे वजन मान्य. दुसऱ्या वेळी पंचेचाळीस. तेही वर. अण्णांची भुवई चढली. त्यांनी मला न विचारता तिसऱ्यासाठी पन्नास सांगून टाकलं.

"अण्णा! पन्नास?"

"आज अंगात आलंय तर उचलून घे."

पन्नास मला जड गेलं. पण कसं जड, तर तालमीतलं पंचेचाळीस जायचं तसं. पुन्हा तीन पांढरे. मी खाली उतरले ती आनंदानं नाही, घाबरून.

"अण्णा, हितं कायतरी घोळ हाय. हे माझं वजन न्हाई. उद्या कुणाच्या ध्यानात आलं तर समदं रद्द करत्याल. आणि गावात सांगत्याल, बोरवाडीची पोरगी फसवून आली."

अण्णांनाही चैन पडेना. ते सरळ पंचांच्या टेबलाकडे गेले आणि हात जोडून म्हणाले की साहेब, एक शंका आहे. पंच भले होते. त्यांनी विश्रांतीच्या वेळेत दांडा काट्यावर ठेवून दाखवला. पंधरा. प्लेटा ठेवल्या. जितक्याच्या तितक्या.

अण्णा परत आले ते नुसते माझ्या बुटांकडे बघत बसले.

"काय झालं?"

"हितलं समदं बरोबर हाय."

"मग?"

"मग गावाकडचं चुकतंय. पोरी, तुझा बा लोहार हाय, काटेवाला न्हवं. किलो दोन किलो जास्त झालं असंल." मग त्यांनी मान वर करून बाकांकडे बघितलं. आईनं पदर सारखा केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

किलो दोन किलो म्हणा की काहीही, माझ्या डोक्यात एकच आकडा बसला होता. भिंतीवर गेरूनं लिहिलेला. साठ. वर्षभर रोज जे वाचायचं, तेच माणूस खरं धरतं. आजचं हे सगळं उसनं आहे आणि कधीतरी संपणार आहे, असंच मला वाटत होतं.

मग जर्क. यात वजन आधी छातीवर घ्यायचं, उभं राहायचं, आणि मग तिथून डोक्यावर. भिंतीवरचं माझं साठ याच प्रकारातलं. अण्णांनी पहिलं पासष्ट लावलं. मी उचललं, कसंबसं, पण पांढरे दिवे. तोवर पहिल्या दोघी फार पुढं निघून गेल्या होत्या. तिसऱ्या जागेवर होती एक घाऱ्या डोळ्यांची पोरगी, आणि तिच्या तिन्ही वेळा उचलून झाल्या होत्या. माझ्या दोन बाकी.

दुसऱ्या वेळी सत्तर.

सत्तर छातीवर आलं. मी उभीही राहिले. आणि उभी राहून विचार करायला लागले. सत्तर! अगं, तू साठवाली, आणि तुझ्या गळ्यावर सत्तर बसलंय. आता श्वास घे, मग पाय नीट कर, मग... एवढ्यात वजन माझ्या हाडांत उतरलं. मांड्या थरथरल्या. वर ढकललं तर अर्ध्यातून पुढं गेलं आणि धाडकन पडलं. तीन लाल दिवे.

आता पुन्हा माझंच नाव होतं, मधे दुसरं कुणी नव्हतं. अशा वेळी दोन मिनिटं मिळतात. घड्याळ सुरू झालं. अण्णा टेबलाकडे धावले आणि आकडा सांगून परत आले.

"साडेबहात्तर सांगितलंय."

"अण्णा, सत्तर न्हाई झालं आणि साडेबहात्तर?"

"सत्तर उचललंस तर चौथी येशील. चौथीला पदक न्हाई. साडेबहात्तरला तिसरी."

"न्हाई व्हायचं माझ्याच्यानं. मी साठवाली हाय, अण्णा. भिंतीवर तुमीच लिवलंय." मला रडूच आलं. हौसाचं तोंड डोळ्यांसमोर आलं. तालमीचं दार आलं, तात्यांच्या मिशा आल्या.

तेवढ्यात कठड्यापाशी गडबड झाली. बघते तर आई. वरून उतरून थेट खाली आली होती, गाठोडं काखेत. एक स्वयंसेवक तिला अडवत होता.

"बाई, इथं येता येणार नाही."

"मी येत न्हाई. मी बोलतीया. बोलायला बंदी हाय का?" आणि त्याच्याकडे ढुंकून न बघता तिनं हाक मारली, "अण्णा! दांडा वीस किलोचा हाय."

"कुठला दांडा, वहिनी?"

"घरचा. पाच किलो जास्त हाय त्यो. ह्यांनी न्हाई, मी घातलंय."

मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. गणपतीत उचललं ते साठ नव्हतं, पासष्ट होतं. वर्षभर मी जे जे उचललं, ते सगळं मी समजत होते त्याच्यापेक्षा पाच किलो जास्त होतं.

"आये, तू... एवढे म्हैने?"

"भांडण मागनं कर," आई म्हणाली. "आता ऐक. तू छातीवर घेऊन उभी का ऱ्हायलीस?"

"दम घ्यायला."

"घण वर नेल्यावर दम घेतीस का? वर थांबला की घण हाणणाऱ्याच्याच अंगावर येतो. शेंबडी हुतीस तवापास्नं तुला ठावं हाय. उभी ऱ्हायलीस की हाण. इचार करू नगो."

"बाई, चला आता," स्वयंसेवक म्हणाला.

"चालले रं बाबा. ढकलू नगो, मी ढकललं तर तुला लागंल."

अण्णांनी माझ्या दोन्ही हातांवर खडू थापला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "ऐकलंस न्हवं? जा."

मी फळीवर गेले. टकटक आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला आणि मला तो पहिल्यांदा आवडला. दांडा धरला. साडेबहात्तर किलो म्हणजे साडेबहात्तर किलोच. कुणी उसनं दिलेलं नाही, कुणी चुकून मोजलेलं नाही. ओढलं. छातीवर आलं. खाली बसल्या जागी मला वाटलं की आता उठत नाही. पण उठले. गुडघे सरळ झाले, आणि त्याच क्षणी मागून आवाज आला:

"हूं!"

आमच्या भट्टीवरचा तो आवाज. घण पडताना आईच्या छातीतून निघतो तो. लहानपणापासून तो आवाज झाला की पुढचा घाव माझा. डोक्यानं काही ठरवायच्या आत हात गेले. पाय पुढंमागं फाकले, कोपरं ताठ झाली आणि वजन वर होतं. मी एक पाय मागं घेतला, दुसरा पुढं घेतला आणि उभी राहिले. हलले नाही. पंचानं खूण केली तरी खाली ठेवायचं माझ्या मनात येईना. असू दे की थोडा वेळ!

तीन पांढरे दिवे.

अण्णा लहान पोरासारखे नाचले. ज्या खांद्यापायी त्यांनी वजनं सोडली होती तोच हात वर करून नाचले, आणि मग आठ दिवस शेकत बसले. घोडा म्हणालेली ती पोरगी आली आणि माझ्या बुटांच्या टाचा बघत म्हणाली, "कुठून घेतलेस गं?" मी म्हटलं, "मिळत न्हाईत. बाप लागतो."

पदक ब्राँझचं होतं. मला तर ते सोन्याहून पिवळं वाटलं.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. अण्णा पुढच्या बाकावर घोरत होते. मी पदक तिच्या हातात दिलं. तिनं आधी ते तळहातावर तोललं, मग नखानं वाजवून बघितलं. लोहारीण ती.

"आता सांग," मी म्हटलं. "का केलंस असं?"

तिनं खिडकीची काच ओढून घेतली.

"मी लगीन करून आले तवा माझ्या सासूनं माझ्यासाठी येगळा घण करून ठेवला हुता. नव्या सुनेचा. पाच किलोचा. लई मायेनं दिला, खोटं कशाला बोलू? पर त्या घणानं एका फाळाला दुप्पट घाव लागायचं. लोखंड मधीच थंड व्हायचं, पुन्यांदा भट्टीत घालायचं. बाजारात लोक म्हणायचं, लोहाराची बायकू नाजूक हाय, हातात जोर न्हाई." आई माझ्याकडे वळली. "माझ्या हातात जोर हुता, माले. घणात न्हवता."

मी तिच्याजवळ सरकले.

"मग एक दिस मी सासूचाच मोठा घण उचलला. पयले आठ दिस हात वर गेला न्हाई. मग गेला. त्यो बारका घण तवापास्नं कोपऱ्यात पडून हुता. तुझा दांडा कराय घेतला तवा तात्याची पोरं भट्टीवर येऊन दात काढत हुती, बायकांचा दांडा, बायकांचा दांडा म्हणून. मला त्यो घण आठवला. रातीला ह्यांना म्हनलं, धरा सांडशीत. ह्यांनी धरला, मी हाणला. दोन तुकडं केलं. एक ह्या टोकाच्या पाइपात, एक त्या टोकाच्या. वरनं तोंड बंद."

"म्हंजे तुझा घण माझ्या दांड्यात हाय?"

"हाय की. कोपऱ्यात पडून काय करत हुता?"

"आणि मला सांगितलं न्हाईस! मी रडले, आये. तुझ्यासमोर रडले."

"रडलीस. पर दुसऱ्या दिशी पहाटं गेलीस का न्हाई?" तिनं पदक माझ्या गळ्यात परत घातलं. "सांगितलं असतं तर तू रोज पाच किलो मनातनं वजा केलं असतंस. आन् जोर बी तेवढाच कमी लावला असतास."

मला तिचा राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. मी तिचा हात हातात घेतला. तळहातावरचे घट्टे आणि माझ्या तळहातावरचे घट्टे एकाच जागी होते. माझ्या आईनं आयुष्यात कधी फळीवर पाय ठेवला नाही, तिच्या नावापुढं कुणी आकडा लिहिला नाही. पण मला आजही कुणी विचारलं की तुम्ही बघितलेली सगळ्यात ताकदवान बाई कोण, तर मी क्षणभरही थांबत नाही.

गावात हलगी लावून मिरवणूक निघाली. तात्या इंगवले शब्दाचे पक्के. तालमीच्या दारात त्यांनी स्वतः नारळ फोडला आणि म्हणाले, "तात्याचा शब्द म्हंजे शब्द. आजपास्नं पोरींना दार उघडं." मग दांड्याकडे बोट दाखवून सगळ्यांना म्हणाले, "बघा रं गाढवांनो! पंधरा किलोच्या दांड्यावर पोरगी पदक घिऊन आली. तुमी विसाच्या दांड्यावर काय दिवं लावलं?"

बाजीराव मान खाली घालून उभा. अण्णा माझ्याकडे बघायचं टाळत होते, कारण बघितलं असतं तर दोघांनाही हसू फुटलं असतं. बा घाईघाईनं टोपी सारखी करायला लागला. आणि आई शांतपणे म्हणाली, "खरं हाय तात्या. पोरीचा दांडा हलकाच असतो."

हौसा आणि त्या दोघी पोरी नारळाचं खोबरं खात आत पळाल्या. अण्णांनी गेरू कालवला आणि भिंतीवर माझ्या नावापुढं, साठच्या वर, साडेबहात्तर लिहिलं. साठ काही पुसलं नाही. आमच्यात पुसत नाहीत.

याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. अण्णा गेले, तात्या गेले, बासुद्धा गेला. मी पुढं बरीच पदकं आणली, पण त्या गोष्टी वेगळ्या. आता बोरवाडीची तालीम मी चालवते. सकाळच्या पाळीला पोरी जास्त असतात आणि पोरं जागेसाठी कुरकुरतात. त्या हौसाची थोरली गेल्या वर्षी राज्यात पहिली आली. भिंतीवर आता पोरींची नावं वरपर्यंत गेली आहेत, शिडी लागते लिहायला.

चांगले कारखान्याचे दांडे आहेत आमच्याकडे. पण नवी पोरगी आली की पहिले काही महिने मी तिला बानं केलेला तोच दांडा देते. दारात खुर्ची टाकून आई बसलेली असते. ऐकायला कमी येतं, पण दांडा जमिनीवर पडला की तिला बरोबर कळतं.

परवाच एक नवी पोरगी आली, काटकुळी, डोळे मोठे. दांडा उचलता उचलता तिची मनगटं वाकली. धापा टाकत तिनं विचारलं, "मॅडम, हा केवढ्याचा आहे?"

मी आईकडे बघितलं. आईनं पदर सारखा केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"पंधरा किलो," मी म्हटलं. "उद्या परत उचल."